बावीस आटे

वर्गीकरणाला लायब्ररी वापरते, म्हटलं
तर आईनं विचारलं, वर्गणी किती?
फुकट असते, म्हटल्यावर
तिचा त्या लायब्ररीवरचा विश्वासच उडाला.

पहिल्या ओळीत तिला बोलवायचं.
दुसऱ्या ओळीत दोष सांगायचा, जमेल तितका सरळ.
तिसऱ्या ओळीत ती उत्तर देते:
कूळ, क्रमांक, आणि दहापैकी गुण.
बावधनच्या चौथ्या मजल्यावर
महिन्याला दोनेकशे दोष येतात माझ्या टेबलावर
आणि ती एकेकाची जातकुळी काढते
लग्न जमवणाऱ्या आत्याबाईंसारखी:
हा भांड्यात मावेना इतकं ओतल्याचा,
हा प्रश्नाचं सोंग घेऊन आलेल्या हुकुमाचा,
ह्यानं दार लावलं, कडी विसरला.

माणसासाठी तिच्याकडे एकच रकाना.
वापरकर्त्याचा सहभाग: लागतो,
लागत नाही.

बुधवारी पाण्याचा दोष आला.
आंबेगाव पठारावर रस्त्याखाली बसवलेले नवे व्हॉल्व्ह,
फोनवरून उघडणारे, फोनवरून मिटणारे,
एकशे बारा डबे,
आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच,
कारखान्यातून निघताना कोडमध्ये कोरलेला.
लायब्ररीला सेकंदसुद्धा लागला नाही.
नऊ पूर्णांक आठ.
साहेब म्हणाले, जागेवर जाऊन फोटो काढ,
नऊच्या वर गेलं की ग्राहकाला फोटो लागतो.

पहाटे पावणेचार. पासलकर व्हॉल्व्हमन
लुनाच्या पायदानावर आडवी लोखंडी चावी घेऊन आले,
माझ्या खांद्याएवढी.
ही कशाला? आता तर डबा आहे.
डबा बंद पडला तर, म्हणाले.
किती वेळा पडतो बंद?
चालू किती वेळा असतो, ते विचारा.

झाकण सरकवलं. चावी अंधारात सोडली,
खाली चौकोनी डोकं सापडेपर्यंत चाचपडली,
मग अंगाचं सगळं वजन घातलं.
बावीस आटे. तोंडानं मोजत होते, पाढ्यासारखे.
गल्लीतले नळ आधी खोकले,
मग कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी वाजायला लागली.

प्रत्येक व्हॉल्व्हची चावी वेगळी असेल ना?
एकच, म्हणाले. वारजे घ्या, धनकवडी घ्या, कोंढवा घ्या.
लोहाराला सांगा, तुम्हालाही घडवून देईल,
दीड हजारात.

मी मनातल्या मनात रकाने भरत गेले.
हल्ल्याची वाट: हाताच्या अंतरावरून.
गुंतागुंत: कमी.
अधिकार: लागत नाहीत, लुना लागते.
तेवढ्यात तिसऱ्या गल्लीतल्या बाई
स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊन आल्या, दोन पेले,
मी कोण ते न विचारता.

गुण किती पडले म्हणालात डब्याला?
नऊ पूर्णांक आठ.
दहापैकी? मग हुशार आहे की!
नाही हो, जितके जास्त तितकं वाईट.
पासलकरांनी पेला झटकला.
अशी शाळा आमच्या वेळी पाहिजे होती.

सहाला त्यांनी व्हॉल्व्ह मिटला.
ह्या वेळी तोंडानं मोजत नव्हते.
मी मोजले. वीस.

मी काही विचारलं नव्हतं, तरी चावी पुसता पुसता म्हणाले,
शेवटचं घर आहे, चढावर, पाणी पोचत नाही वेळेत.
डायलिसिसचं माणूस आहे घरात.
बारीक धार राहते दिवसभर, एवढंच.

ऑफिसात आल्यावर डब्याचा अहवाल पाठवला:
पासवर्ड बदला, प्रत्येकाला वेगळा द्या, तातडीचं.
झाकणाचा फोटो जोडला, त्यात एका कोपऱ्यात
पासलकरांची चप्पल आली होती, ती कापली.

मग सवयीनं तीन ओळी लिहिल्या,
दुसऱ्या ओळीत वीस आणि बावीस एवढंच घातलं.
लायब्ररी म्हणाली, वर्णन अपुरं आहे.
खाली रकाने तसेच उघडे.
उपलब्धता, अखंडता मी सोडून दिले.
गुप्ततेपुढे लिहिलं: शाबूत,
आणि फाइल सेव्ह न करता मिटली.